आठ हजार ऐंशी नंबरचं दार

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मित्र जमले की कधीतरी सगळे आपापली जुनी पापं उकरून काढतात, हसतात. तेव्हाही मी भलतंच काहीतरी हलकंफुलकं सांगून वेळ मारून नेतो. आणि खरं सांगू का — ऐकायला हे फार मोठं वाटणारही नाही. एका कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम सुरू होत नव्हता, एवढंच. त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मीही स्वतःला इतकी वर्षं हेच म्हणत आलोय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नागपूरचा. इंजिनिअरिंग झालं आणि बॅग उचलून बंगलोरला आलो — तेव्हा आम्ही बंगलोरच म्हणायचो. कोरमंगलात एका दुमजली घरात आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती. खाली मालकांची केबिन, वर आम्ही सगळे. राहायला पीजी, तिघांत एक खोली, आणि सकाळी कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे छोट्या हॉटेलात, उभ्याउभ्या इडली. भाषा येत नव्हती. ऑफिसात हिंदी-इंग्रजी, रिक्षावाल्याशी हातवारे. नागपूरला मी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध होतो, इथे आल्यावर मुका झालो होतो बाप्पा.

आणि मग अण्णा भेटले.

नाव रघुनाथ, पण सगळे अण्णाच म्हणायचे. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून बंगलोरात. घरी मराठी, दाराबाहेर कन्नड. आधी पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मशीनदुरुस्तीला होते. आमच्याकडे वायरिंग आणि बॅटऱ्या बघायला म्हणून आले, आणि एका मासिकासोबत मिळालेली लिनक्स या फुकट सिस्टिमची सीडी लावून लावून ऑफिसच्या नेटवर्कचे माणूस होऊन बसले. संत वगैरे नव्हते हं. बढाईखोर होते थोडे. लिनक्सवर बोलायला लागले की चहा थंड व्हायचा तरी थांबायचे नाहीत. मालकांना पैसे मोजून नावाजलेली सिस्टिम आणायची होती. अण्णांनी हट्टाला पेटून त्यांना थांबवलं होतं — ‘हे फुकट मिळतं सर, आणि त्याहून चांगलं चालतं. बिघडलं तर मला धरा.’

मी मराठी आहे कळलं त्या दिवशी त्यांचा चेहरा काय फुलला होता! ऑफिसात दुसरं कोणी मराठी नव्हतंच. लगेच मला ‘तम्मा’ म्हणायला लागले. तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. ‘तम्मा, स्वल्प इकडे ये की. जेवलास की नाही?’ हे रोजचं. रविवारी घरी बोलवायचे. अक्का — त्यांची बायको — आंबट वरण आणि भात वाढायची, आणि अण्णा पाटावर बसून माझ्याकडून नागपूरचे शब्द ऐकून घ्यायचे. ‘का’ऐवजी ‘काऊन’ म्हटलं की तर पोट धरून हसायचे.

मीही हसायचो. पण पाठीमागे. पीजीत पुण्याचा एक पोरगा होता, त्याच्यासमोर मी अण्णांच्या मराठीची नक्कल करायचो. ते हेल, ‘बरं बरं’च्या जागी मध्येच येणारं ‘सरी सरी’, ते ‘की’. पोट दुखेपर्यंत हसायचो आम्ही. आंबट वरण खाऊन आलेल्या संध्याकाळीसुद्धा. हेही सांगून टाकतो, सांगायलाच बसलोय तर.

आता ते मशीन. ऑफिसात इंटरनेटची लाइन एकच, आणि माणसं ढीगभर. सगळ्यांचे कॉम्प्युटर एका लिनक्सच्या मशीनमधून बाहेर जायचे. त्या मशीनवर एक प्रोग्राम दरवानासारखा बसलेला — प्रॉक्सी म्हणायचे त्याला. कोणाला जाऊ द्यायचं, कुठे जाऊ द्यायचं, हे तो ठरवायचा. आणि त्याला काय सांगायचं ते अण्णा ठरवायचे, मालकांच्या हुकमाप्रमाणे. नोकरीच्या साइट बंद होत्या. आमच्यातल्या एकाने बाहेर अर्ज केल्याचं मालकांना कळलं, तर त्याला त्याच दुपारी घरी पाठवलं होतं.

मशीनचा मुख्य पासवर्ड अण्णांनी मला दिला होता. देऊ नका, असं मालकांनी बजावलेलं असताना. अक्काचं काही दुखणं चाललं होतं, दवाखान्यात जावं लागायचं. ‘मी नसलो तर तू बघ रे. तू आपला आहेस.’ माझ्यापेक्षा हुशार दोन पोरं होती तिथे. त्यांना नाही दिला. मी मराठी होतो म्हणून मला दिला. बस, एवढंच कारण.

आणि मी काय केलं? त्या पासवर्डने आत शिरून स्वतःसाठी एक चोरवाट करून ठेवली. एक छोटासा प्रोग्राम, जो अण्णांच्या दरवानाला न विचारता मला बाहेर सोडेल. अमेरिकेतल्या नोकऱ्यांचे अर्ज धाडायला. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं की तोही आपोआप सुरू व्हावा, अशी सोय केली. आणि त्याला नाव असं दिलं की यादीत कोणाच्या डोळ्यात भरू नये — सिस्टिमच्या स्वतःच्या प्रोग्रामांसारखं रुक्ष नाव. मोठा शहाणा मी.

एक गोष्ट समजावून सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. अशा मशीनला खूप दारं असतात, प्रत्येकाला नंबर. पोर्ट म्हणतात त्यांना. एका दारात एकच प्रोग्राम बसू शकतो. अण्णांचा प्रॉक्सी एका नंबरावर बसायचा, आणि माझी चोरवाट दोन दारं अडवून होती — आठ हजार ऐंशी आणि त्याच्या शेजारचं एक्याऐंशी. ती दारं कोणी वापरतच नव्हतं. महिनोन्महिने कोणाला पत्ता लागला नाही.

मग परदेशातलं एक गिऱ्हाईक येणार असं ठरलं. मोठं काम होतं, मालक हवेत तरंगत होते. त्या लोकांचं सॉफ्टवेअर आमच्या ऑफिसातून चालवून दाखवायचं होतं, आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सीचा नंबर आधीच ठोकून बसवलेला. आठ हजार ऐंशी. नाहीतर एक्याऐंशी. तिसरा चालत नाही.

शनिवारी अण्णांनी नंबर बदलला. प्रॉक्सी सुरू होईना. एक्याऐंशीवर टाकून बघितला, होईना. जुन्या नंबरावर लगेच होई. आणखी कुठलाही नंबर द्या — होई. नेमके तेवढे दोन नंबर सोडून. अण्णा चक्रावले. मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. मला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं.

पडद्यावर मशीन सरळ सांगत होतं की हे दार आधीच कोणीतरी घेतलंय. अण्णांनी चष्मा वर केला, माझ्याकडे वळले आणि विचारलं —

‘कोणतरी बसलंय म्हणतंय बघ तम्मा. तू काही चालवून ठेवलंयस काय रे?’

रागाने नाही हो. संशयानेही नाही. चावी कुठे ठेवलीस विचारावं तसं.

‘नाही अण्णा,’ मी म्हटलं.

मराठीत म्हटलं. आमच्या दोघांच्या भाषेत.

‘सरी,’ ते म्हणाले, आणि तो विषय त्यांच्यापुरता संपला. मग त्यांनी चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रामांची यादी काढली. लांबलचक यादी. दिवसभर पडद्याकडे बघून त्यांचे डोळे चुरचुरत होते. ‘तुझे डोळे तरणे आहेत, तूच बघ,’ म्हणाले आणि खुर्ची मागे सरकवली. मी पडद्यावर बोट ठेवून एकेक ओळ खाली येत गेलो. माझ्या प्रोग्रामच्या नावावरूनही माझं बोट गेलं. थांबलं नाही. जरासुद्धा थांबलं नाही. ‘सगळे सिस्टिमचेच आहेत अण्णा,’ मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली.

त्यानंतर त्यांनी दुसऱ्या कोणावर शंका घेतलीच नाही. स्वतःवर घेतली. आपल्याच हातून काही चुकलंय असं धरून बसले. प्रॉक्सी काढून टाकला, नव्याने बसवला. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं — आणि त्याबरोबर माझी चोरवाटही इमानेइतबारे सुरू झाली. रविवारी दिवसभर ते ऑफिसात होते. मी पीजीत कपडे धूत बसलो. धुतलेले कपडे पुन्हा धुतले.

तुम्ही विचाराल, तेव्हाच का नाही बंद केलं? पासवर्ड होता. माझ्या टेबलावरून, जागचं न हलता, एका ओळीत बंद करता आलं असतं. काऊन नाही केलं?

घाबरलो होतो, हे एक. नाही म्हटल्यावर लगेच दार मोकळं झालं असतं तर त्यांना कळलं असतं, असं वाटलं. नोकरी गेली असती. नागपूरला बाबांना काय तोंड दाखवलं असतं. हे सगळं खरं आहे. स्वतःला मी आजवर एवढंच सांगत आलो, आणि इथे थांबलो असतो तर तुम्हीही म्हणाला असता की जाऊ दे, पोरगा होता, भ्याला.

पण ते पूर्ण खरं नाही.

सोमवारी सकाळी पाहुणे आले. अण्णा पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून, कपाळाला गंध लावून आले होते. डोळे लाल. वर हॉलमध्ये सगळे जमले. पाहुण्यांनी आपला लॅपटॉप जोडला आणि वाट बघत बसले. मी माझ्या टेबलाशी होतो. चोरवाट बंद करायची ओळ मी टाइप करून ठेवली होती. फक्त एंटर दाबायचं होतं. कोणालाही कळलं नसतं. अण्णांना वाटलं असतं, देव पावला.

मी एंटर दाबलं नाही.

बोट त्या बटणावर होतं. समोर अण्णा प्रॉक्सी पुन्हा पुन्हा सुरू करून बघत घाम पुसत होते. आणि मला — कसं सांगू — मला बरं वाटत होतं. थोडंसं. आत कुठेतरी. त्या मशीनपुढे अण्णांच्या जागी मी बसलोय, असं मला दिसत होतं. मी इंजिनिअर. हा कारखान्यातला माणूस, मासिकातली सीडी लावून शिकलेला, मला रोज लिनक्स शिकवतो. याच्या हाताखाली मी कशाला? हा पडला तर ते मशीन कोणाकडे येईल? हे मी तेव्हा विचारात घेतलं होतं. स्पष्ट शब्दांत. भीती होतीच, पण एंटर दाबू दिलं नाही ते भीतीने नाही. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

पाहुण्यांनी कॉफी घेतली. पुन्हा कॉफी घेतली. मग घड्याळाकडे बघत, हसतमुखाने, उठून गेले. ते खाली गाडीत बसले असतील-नसतील, तोच मालकांनी सगळ्यांसमोर अण्णांना धरलं. फुकटातल्या गोष्टी फुकटातल्याच निघतात, कारखान्यातल्या माणसाला कॉम्प्युटर दिला ही माझीच चूक — असं बरंच. अण्णा म्हणाले, एकदाच, ‘सॉरी सर.’ हात पोटाशी धरून उभे होते. पासवर्ड माझ्याकडेही आहे, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मालकांचा अर्धा राग माझ्याकडे वळला असता, आणि कदाचित सगळं बाहेर आलं असतं. त्यांनी मला सांभाळून घेतलं. त्या घटकेलाही.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी एंटर दाबलं. मग मोठ्या मशीनपुढे जाऊन बसलो, थोडी खुडबुड केल्यासारखं दाखवलं, आणि प्रॉक्सी आठ हजार ऐंशीवर सुरू केला. झाला की! मालकांना वर बोलावलं. काय चुकलं होतं, त्यांनी विचारलं. आणि मी — अण्णा बाजूलाच उभे होते — मी म्हटलं, कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये एक ओळ चुकीची होती, मी नीट केली. कुठली ओळ, तेही सांगितलं. वाटेल ती एक सांगितली.

मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. अण्णांनीही माझ्याकडे बघून मान हलवली. ‘बरं झालं रे तम्मा,’ म्हणाले. खरंच सुटल्यासारखे दिसत होते.

ते त्यांचं माझ्याशी बोललेलं शेवटचं मराठी.

मंगळवारपासून मशीन माझ्याकडे आलं आणि अण्णा परत वायरी आणि बॅटऱ्यांकडे गेले. आणि त्याच मंगळवारपासून ते माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागले. गुड मॉर्निंग. यस. ओके. तुटक, कारखान्यातलं इंग्रजी. मला वाटलं, लाजले असतील. अपमान झालाय, सावरतील हळूहळू. चक्क कीव आली मला त्यांची! पुढच्या रविवारी जेवायचं बोलावणं आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी मराठीत काही विचारलं तरी उत्तर इंग्रजीतच यायचं, अगदी सभ्यपणे.

मग एका दुपारी वीज गेली. बॅटऱ्याही दमल्या आणि मोठं मशीन बंद पडलं. वीज आली तेव्हा मी खाली होतो. वर मशीन सुरू होत असणार, आणि मला एकदम आठवलं. चोरवाट मी बंद केली होती, पण मशीन सुरू झालं की तिने आपोआप सुरू व्हावं ही सोय काढायची राहिलीच होती! म्हणजे आता ती पुन्हा दार अडवणार. प्रॉक्सी सुरू होणार नाही. सगळ्यांच्या देखत. मी जिन्यावरून धावत वर गेलो.

प्रॉक्सी सुरू झालेला होता. आठ हजार ऐंशीवर, अगदी शांतपणे.

मी ती सोय केलेली जागा उघडून बघितली. माझी ओळ तिथे नव्हती. माझा प्रोग्रामही नव्हता. कोणीतरी काढून, पुसून, जागा स्वच्छ करून ठेवली होती. आमच्या दोघांशिवाय कोणाकडे पासवर्ड होता?

मागे वळलो तर अण्णा बॅटऱ्यांच्या रॅकपाशी उभे होते, हातात टेस्टर. माझ्याकडेच बघत होते. किती वेळ, माहीत नाही.

‘इट इज रनिंग, नो?’ ते म्हणाले. ‘नथिंग टु वरी.’

म्हणजे त्यांना माहीत होतं. त्या मंगळवारपासूनच माहीत होतं. मी चुकली म्हणून सांगितलेली ओळ त्यांनी जाऊन बघितली असणार, ती कधीच चुकलेली नव्हती हे त्यांना पाठ असणार, आणि मग त्यांनी शोधलं असणार — ज्या यादीवरून माझं बोट न थांबता गेलं, ती यादी आठवून. सापडल्यावर मालकांकडे नेलं असतं तर त्यांची जागा त्यांना परत मिळाली असती. त्यांनी नेलं नाही. पुसून टाकलं. आणि माझी वाट बघत राहिले असतील, की हा आज बोलेल, उद्या बोलेल.

मी तेव्हाही बोललो नाही. ‘यस,’ म्हटलं आणि खुर्चीत बसलो.

काही दिवसांनी त्यांनी नोकरी सोडली. पीण्यातल्या कारखान्यात परत गेले असं कोणीतरी सांगितलं. अक्काचं दुखणं पुढे काय झालं, मी विचारलं नाही. माझ्या बायोडेटात एक ओळ वाढली — ऑफिसचा लिनक्स प्रॉक्सी सर्व्हर सांभाळतो. अमेरिकेतल्या मुलाखतीत मला त्याबद्दलच विचारलं. एखादी अडचण सोडवल्याचं उदाहरण द्या. मी हेच दिलं. दोन पोर्टांवर सुरू होत नव्हता, मी शोधून काढलं. त्यांना आवडलं. त्यावर मला नोकरी लागली, त्या नोकरीवर घर, संसार, सगळं.

बऱ्याच वर्षांनी अमेरिकेतून परत बंगलोरला आलो. आता इलेक्ट्रॉनिक सिटीकडे राहतो. मागे एकदा इथल्या मराठी मंडळात गणपतीचं जेवण होतं, बायको आणि लेकीला घेऊन गेलो. पंगतीत पलीकडे अण्णा होते. पार पिकलेले, हातात काठी, सोबत कोणी नाही. माझी लेक पाणी वाढत त्यांच्यापाशी गेली.

‘काय गं बाळ, नाव काय तुझं? तू जेवलीस की नाही?’ तोच हेल. तेच ‘की’. ती हसली, काहीतरी म्हणाली. ते तिच्याशी बोलत राहिले, शाळेचं विचारलं, डोक्यावर हात ठेवला. माझी बायको गेली, तिच्याशीही बोलले. किती गोड मराठी बोलतात हो हे, ती माझ्याकडे वळून म्हणाली, आणि मला हाताने बोलावलं.

मी गेलो. अण्णांनी मान वर करून बघितलं. ओळखलं. लगेच ओळखलं.

‘हॅलो,’ ते म्हणाले. ‘हाऊ आर यू, सर?’

‘फाइन,’ मी म्हटलं. ‘थँक यू.’